कानात उशिरा येणारा आवाज

धाकू वारंग कोण, असं चारकोपमध्ये कोणालाही विचारा. "ते कॉमेंट्रीवाले ना?" असंच उत्तर मिळेल. माणसाने उभी हयात इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मशीन चालवण्यात घालवली, पण ते कोणाच्या खिजगणतीतही नाही. लोकांना आठवतात ते शनिवार-रविवारचे बाबा. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, मैदानाच्या कडेला मांडव, मांडवात टेबल, टेबलावर माइक आणि माइकमागे पांढरी टोपी घातलेले माझे वडील. चारकोप, कांदिवली, गोराई, सगळीकडून बोलावणं यायचं. गोराईला तर बोटीतून उतरल्या उतरल्या पोरं त्यांच्या हातातली पिशवी काढून घ्यायची आणि त्यांना मैदानापर्यंत घेऊन जायची.

बाबा सुरुवात शुद्ध मराठीत करायचे. यष्टिचीत, क्षेत्ररक्षण, निर्धाव षटक, सगळं वर्तमानपत्रासारखं. मग सामना तापला की मालवणी सुटायची. "फलंदाजान कोयतो फिरवल्यासारखी बॅट फिरवल्यान, पण नारळ काय पडलो नाय!" आणि अख्खं मैदान खिदळायचं. बाद झालेला फलंदाजसुद्धा हसत हसत परत यायचा.

त्यांची बोलायची एक पद्धत होती. मैदानावर कर्णे लांब लांब बांधलेले असतात. बोललेलं वाक्य समोरच्या इमारतींवर आपटून परत येतं, आणि नवखा माणूस स्वतःच्याच आवाजात गुरफटतो. बाबा एक छोटं वाक्य टाकायचे, ते जाऊन परत येऊ द्यायचे, मग दुसरं टाकायचे. मधल्या त्या जागेत लोक टाळ्या वाजवायचे. लहानपणी मला वाटायचं, हे टाळ्यांसाठीच थांबतात.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा छोटासा झटका आला. तोंड जरा वाकडं झालं आणि काही दिवसांत सरळही झालं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. पण चारकोपची स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने कॉमेंट्रीला दुसरा माणूस घेतला. मंडळाचा सेक्रेटरी सुबोध घरी आला, आईच्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, "काका, यंदा तुम्ही आराम करा." बाबांनी मान डोलावली. आणि त्यानंतर ते घरात कशावरच फारसं बोलेनासे झाले. जेवताना मीठ हवं असलं तर बोट दाखवून "ता दी" म्हणायचे. रिमोट सापडला नाही की "ता खय गेला?" इतकंच. आई म्हणायची, राग धरून बसलेत. मलाही तेच वाटायचं, आणि सुबोध रस्त्यात दिसला की मी मान फिरवून पुढे जायचे. राग धरण्यात मी आईच्या वरताण आहे.

आई काळजीने अर्धी झाली होती. तिचं नाव शेवंती, पण नावातला नाजूकपणा तिच्या जिभेला कधी शिवला नाही. जीभ पुन्हा जड होत नाही ना हे बघायला ती रोज सकाळी बाबांकडून त्यांच्या गावातल्या सगळ्या वाड्यांची नावं म्हणवून घ्यायची. बाबा एका दमात म्हणून टाकायचे. मग ती निर्धास्त होऊन भाजी चिरायला बसायची.

आता माझं सांगते. मी दिशा. साकीनाक्याला एका कुरिअर कंपनीत कस्टमर केअरला बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घेते, संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटरवर गेम लावते आणि समोर येईल त्याला गोळ्या घालते. त्याने डोकं शांत राहतं. मुलुंडचा माझा मावसभाऊ सुयोग, त्यानेच एकेक भाग जमवून मला तो कॉम्प्युटर जोडून दिला होता. आईच्या लेखी ती घरात आलेली सवत होती.

गेम खेळता खेळता माझी श्वेताशी ओळख झाली. ती अंधेरीला एका कंपनीत आहे. ही कंपनी कॉम्प्युटरवरच्या क्रिकेटचे सामने भरवते. घरोघरी बसून मुलं खेळतात आणि हजारो लोक ते लाइव्ह बघतात. यंदा त्यांना मराठी कॉमेंट्री हवी होती. मी बोलता बोलता बाबांचं सांगितलं आणि फोनमधलं गोराईच्या फायनलचं एक जुनं रेकॉर्डिंग पाठवलं. तिचा लगेच फोन आला. "अगं यार, हे काका कुठे लपवून ठेवले होतेस? रविवारी चारला ट्रायल घेऊ. खरा सामना, लाइव्ह. जमलं तर पूर्ण सीझन त्यांचा."

अट एकच होती. सामना आमच्या कॉम्प्युटरवर प्रेक्षक म्हणून उघडायचा, तो बघत बघत बाबांनी बोलायचं, आणि त्यांचा आवाज त्याच मशीनने टिपून तिथल्या तिथे पुढे पाठवायचा. म्हणजे माझं गोळ्या झाडायचं मशीन आता स्टुडिओही व्हायला हवं होतं.

बाबांनी आधी नुसतीच मान हलवली, नको म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा मागे येऊन उभे राहिले.

"एकदा बघतंय," ते म्हणाले. "पण दिशा, ह्या जमला नाय, तर माका परत कोणी बोलूक सांगूचा नाय. तू पण नाय, तुझी आवस पण नाय. मगे माइकाचो विषय संपलो."

इतकं सलग वाक्य मी कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलं. आनंद व्हायला हवा होता, पण मला भीतीच वाटली. कारण बाबा उगाच काही बोलत नाहीत. संपलो म्हणाले म्हणजे संपला.

शनिवारी सकाळीच सुयोग सामान घेऊन आला. आमचं घर म्हाडाचं, सेक्टरमधलं, तळमजल्याची खोली आणि वर पोटमाळा. पहिली अडचण म्हणजे गेम सुरू झाला की मशीनचे पंखे मिक्सरसारखे घोंघावायचे, आणि माइक ते सगळं इमानेइतबारे टिपायचा. मग कॉम्प्युटरचं कॅबिनेट उचलून पोटमाळ्यावर नेलं आणि लांब वायरी खाली सोडल्या. भिंतीवर आवाज आपटू नये म्हणून आईच्या गोधड्या खिळ्यांना टांगल्या. आईने हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"गोधड्या धुवून परत घडी करून ठेवायच्या," ती म्हणाली. "आणि खिळे कोणाला विचारून मारलेत?"

माइकसाठी सुयोगने एक लाल डबी आणली होती. माइकची वायर त्या डबीत, डबीची वायर कॉम्प्युटरला, आणि हेडफोनही डबीलाच. नुसतं रेकॉर्डिंग केलं तर आवाज झकास यायचा. नुसता गेम चालवला तर गेमही लोण्यासारखा. पण दोन्ही एकदम सुरू केलं की आवाजात तेलात मोहरी पडल्यासारखी तडतड व्हायची. एकेक शब्द फुटून निघायचा.

"एकच डोकं आहे बिचाऱ्याला," सुयोग म्हणाला. "गेमचं चित्र पण काढायचं, आवाज पण टिपायचा. घाई केली की आवाजाचे तुकडे सांडतात. त्याला जरा दम खाऊ द्यायचा."

दम खाऊ द्यायचा म्हणजे मशीनने आवाज आधी थोडा साठवून घ्यायचा आणि मग पुढे पाठवायचा. त्याने ते सेटिंग वाढवलं. अजून तडतड होती, म्हणून आणखी वाढवलं. मग काकांना स्वतःचा आवाज दोनदा ऐकू यायला नको, असं म्हणून डबीवरचं एक बटणही बंद केलं. "हॅलो, हॅलो, चेक" म्हणाला, रेकॉर्ड झालेलं आम्हाला लावून दाखवलं. आवाज स्वच्छ, गेम सुरळीत. सुयोगने दोन प्लेट कांदेपोहे खाल्ले आणि तो मुलुंडला गेला. आम्हाला वाटलं, झालं काम.

रविवारी सकाळी आंघोळ, देवपूजा आटोपून बाबा टेबलाशी बसले. मी सरावासाठी एक जुना सामना लावला. त्यांनी पांढरी टोपी घातली, त्यावर हेडफोन चढवला आणि माइक जवळ ओढला.

"नमस्कार र-र-रसिक..."

ते थांबले. खाकरले.

"नमस्कार रसि-सि-सि... प्रे-प्रे..."

आईच्या हातातली पळी कढईत पडली. बाबांनी डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला, या वेळी अगदी सावकाश. आणखी वाईट झालं. एकेक अक्षर लांबलं, ओढलं गेलं, दारू प्यायलेल्या माणसासारखं. कपाळावर घाम फुटला होता. त्यांनी हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला.

आई धावत आली. "हात वर करा. दोन्ही करा. हसा बघू. अहो हसा म्हणते ना!" बाबांनी हात वर केले. हसलेही. तोंड सरळ होतं. "वाड्यांची नावं म्हणा." बाबांनी घडाघडा सगळी नावं म्हटली, एकही अक्षर अडलं नाही.

"ठीक आहे की," मी म्हटलं. "घाबरला असाल. पुन्हा घाला हेडफोन."

त्यांनी घातला. तोंड उघडलं. "आज-ज-जचा सा-सा-सामना..."

झटका असता तर नावं म्हणता आली नसती, हे मला कळत होतं. पण मग हे काय होतं? बाबांनी मात्र अर्थ लावून टाकला होता.

"माइकान माका सोडल्यान," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, एखादी दूरची बातमी सांगावी तसं म्हणाले. "तेंका फोन कर. सांग, म्हातारो आजारी आसा."

"बाबा, थांबा जरा."

"कित्याक थांबू? हजार लोकांसमोर त-त-प-प करूक? फोन कर."

मी फोन उचलला, पण श्वेताला नाही, सुयोगला केला. रिंग वाजत राहिली. पुन्हा केला, पुन्हा तेच. रविवार सकाळ, पडला असेल लोळत. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. बाबा टोपी काढून दारातल्या खुर्चीत जाऊन बसले होते आणि रस्त्याकडे बघत होते. मला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. मीच हे खूळ काढलं होतं. नसतं काढलं, तर निदान माइक आपल्याला हवा असूनही मिळत नाही, एवढंच दुःख त्यांना राहिलं असतं. आता माइक समोर होता आणि तोंड उघडायची चोरी झाली होती.

तेवढ्यात आईचा पारा चढला. तिची समजूत अशी, की माइक लावला म्हणजे अंधेरीचे लोक पलीकडे ऐकत बसलेत. पदर खोचून ती टेबलाशी आली, हेडफोन डोक्यावर घातला आणि माइकच्या तोंडावर तोंड नेऊन सुरू झाली.

"ऐका हो श्वे-श्वेताबाई! आमच्या मा-मा-माणसाला तु-तुम्ही..."

ती गप्प झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आईला आयुष्यात कधी अडखळताना ऐकलेलं नाही. नळावर, रेशनच्या दुकानात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेच नाही. तिचे डोळे विस्फारले होते.

"दिशा," ती तशीच माइकसमोर कुजबुजली, "म-मला पण झा-झालं की काय गं?"

मी तिच्या डोक्यावरचा हेडफोन जवळजवळ हिसकावला आणि स्वतः घातला. "माझं नाव दि-दि..." जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी झाली. मी बोलायचं थांबवलं आणि एक टाळी वाजवली. टाळी वाजली, आणि मग, पापणी लवेल एवढ्या वेळाने, कानात दुसरी टाळी वाजली.

मी पुन्हा वाजवली. पुन्हा तेच.

"बाबा!" मी ओरडले. "बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही! इकडे या, आधी इकडे या!"

ते आले. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि माइकसमोर टाळी वाजवली. त्यांनी मान तिरकी केली. मला म्हणाले, आणखी एकदा. मग त्यांनी स्वतः टिचकी वाजवली आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कित्येक महिन्यांनी, मैदानावरचा तो माणूस दिसला.

"परत येता," ते म्हणाले. "मैदानावर येता तसाच. पण थंय वाक्य पुरा झाल्यार येता. हो मेलो शब्दाच्या मधीच येता, बोलणाऱ्याच्या पायात पाय घालता."

सुयोगचा फोन तेव्हा आला. मी तोंडाला येईल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शिट! वाट लावली मी. मशीन आवाज साठवून मग पाठवतंय ना, तोच साठवलेला आवाज काकांच्या कानात उशिरा जातोय. बोलताना स्वतःचा आवाज असा उशिरा ऐकू आला की कोणीही तोतरं होतं गं. डबीवर मी बंद केलेलं बटण आहे ना, ते चालू कर. मग आवाज मशीनमध्ये न जाता डबीतूनच थेट कानात जाईल. आणि स्क्रीनवर तो स्पीकर दिसतोय तो बंद."

मी बटण दाबलं. स्पीकर बंद केला. बाबांनी हेडफोन घातला, घसा साफ केला.

"नमस्कार रसिक प्रेक्षकहो! चारकोपच्या भूमीवरून मी धाकू वारंग आपलं स्वागत करतो!"

आई तिथेच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. "मेल्याने मशीन जोडलं की काय केलं," ती रडता रडता म्हणाली. सुयोगला पुढे किती तरी दिवस ती हेच ऐकवत होती.

चारला सामना सुरू झाला. आईला मी आत पाठवलं, दार लावून घेतलं, कुकर लावायचा नाही अशी ताकीद दिली. ती आत फोनवर बघणार होती. मी बाबांच्या शेजारी बसले, कारण सामन्याची दृश्यं कीबोर्डवरून मला बदलायची होती. गोलंदाज मागून दाखवायचा, मग फलंदाज समोरून, असं. माझ्याही कानात एक छोटा इअरफोन होता. त्यात श्वेता म्हणाली, "काका, तुम्ही लाइव्ह आहात."

बाबा सुटले. पहिल्याच षटकात त्यांनी फलंदाजाला "पाहुण्यासारखो इलो, जावयासारखो बसलो" असं काहीतरी म्हटलं आणि स्क्रीनच्या कडेला बघणाऱ्यांचे मेसेज धबाधबा पडायला लागले. हे काका कोण? काका एक नंबर. मी कीबोर्डवर बोटं ठेवून हसत होते. तडतड नाही, तोतरेपणा नाही.

मग एक चेंडू उंच उडाला.

"आणि उंच... अतिशय उंच उडालेला हा... हा..."

मी डबीकडे पाहिलं. बटण चालू होतं. इअरफोनमध्ये बाबांचा श्वास स्वच्छ ऐकू येत होता, काहीही अडकत नव्हतं, काहीही उशिरा येत नव्हतं.

"हा..."

सकाळी शब्द त्यांच्या तोंडात होता आणि फुटत होता. आता तोंडात शब्दच नव्हता. बाबा स्क्रीनकडे बघत नव्हते, समोरच्या गोधडीकडे बघत होते, घरात ठेवलेली वस्तू जागेवर न सापडल्यासारखे. त्यांचा डावा हात टेबलावर उताणा पडला होता, बोटं उघडी. आणि मला एकदम सगळं दिसलं. ता दी. ता खय गेला. मीठ, रिमोट, चष्मा, शेजारच्या बाईंचं नाव. त्यांना राग आलाच नव्हता. दिवाळीपासून त्यांचे शब्द हरवत होते, आणि ते कळू नये म्हणून हा बोलणारा माणूस आमच्यासमोर गप्प बसत होता. वाड्यांची नावं पाठ होती, म्हणून ती येत होती. आम्ही रोज त्यांना तेच विचारत होतो आणि खूश होत होतो.

स्क्रीनवर क्षेत्ररक्षक धावत होता. श्वेता कानात म्हणाली, "काय झालं? आवाज गेला का?"

मी माइककडे झुकले आणि ओरडले, "चेंडू!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चेंडू!" त्यांनी तो शब्द माझ्या तोंडातून उचलला आणि पुढे धावले. "चेंडू खाली येतोय, क्षेत्ररक्षक त्याच्याखाली, आणि टिपला! अप्रतिम झेल! आणि रसिकहो, हो जो मधीच आवाज इलो तो आमच्या चेडवाचो. दिशा वारंग! तेका माझ्यापेक्षा जास्त घाई!"

मेसेज पुन्हा पडायला लागले. मुलीला बोलू द्या. बापलेक झकास. सामना अजून निम्माही झाला नव्हता. त्यानंतर माझा एक डोळा चेंडूवर आणि दुसरा त्यांच्या डाव्या हातावर होता. हात उताणा झाला की मी शब्द टाकायचा. "सीमारेषा!" "पंच!" एकदा तर "हेल्मेट!" कधी मी प्रश्नासारखा टाकायचे, "यष्टिचीत का हो बाबा?" आणि ते "यष्टिचीतच गो बाय, दुसरा काय?" म्हणून मैदान मारून न्यायचे. एकदा माझा शब्द चुकला. मी "धावबाद" म्हटलं आणि त्यांना "पायचीत" हवा होता. त्यांनी माझी अशी खेचली, की बघणारे हसून हसून बेजार झाले.

सामना संपला. श्वेता कानात किंचाळत होती. "काका, कमाल! दिशा, हे दोघांचं ठरवून केलंत ना? असंच ठेवा. सीझनला दोघंही हवेत मला." मी बरं म्हटलं आणि माइक बंद केला.

खोलीत पोटमाळ्यावरच्या पंख्यांची घरघर तेवढी राहिली. बाबांनी टोपी काढली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासना."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"उद्या जायचं. मी सुट्टी टाकते."

"उद्या जावया," ते म्हणाले. मग आतल्या दाराकडे बघत हळूच, "पण तुझ्या आवशीक..."

"नाही सांगत. डॉक्टर काय म्हणतात ते आधी बघू."

मला त्यांना मिठी मारायची होती. आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी कीबोर्ड सरळ करून ठेवला. दार उघडून आई बाहेर आली, हातात फोन, डोळे रडून लाल झालेले आणि चेहरा माझ्यावर तापलेला.

"तू कशाला गं मध्ये मध्ये तोंड घालत होतीस? सारखं सारखं त्यांचं बोलणं तोडत होतीस! इतक्या महिन्यांनी माणूस बोलायला लागला, त्याला बोलू द्यायचं सोडून हिचं आपलं पुढे पुढे. जरा म्हणून धीर नाही!"

बाबा खाली मान घालून हेडफोनची वायर गुंडाळत होते.

"चुकलं आई," मी म्हटलं. "तोंडाला आवर नाही मला."

"पुढच्या वेळी गप्प बसायचं. ऐकलंस?"

बाबांचे हात थांबले. "नको गो," ते आईला म्हणाले. "बोलांदे तेका. माका तेची..."

आणि ते अडले. वायर धरलेला हात हळूहळू उताणा झाला. शब्द मला माहीत होता, जिभेवर आला होता. पण आई समोर उभी होती, म्हणून मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. आई म्हणाली, "काय तेची?"

"...सोबत," बाबा म्हणाले. "माका तेची सोबत व्हयी."